न्यूपोर्टला महिनाभर मुक्काम, आणि रोज काय शिजवायचं

नमस्कार मंडळी! आरव्ही, म्हणजे आत राहायची-शिजवायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन समुद्रावर महिनाभर राहायचं, असं अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच रिटायर्ड लोकांच्या डोक्यात असतं, आणि मग पहिल्याच आठवड्यात सगळे लाइटहाऊस, सगळे व्ह्यूपॉइंट उरकून दमून बसतात. माझं म्हणणं एवढंच की हे फिरणं नाही, बिऱ्हाड थाटणं आहे, तेव्हा बाकीचं राहू द्या, आधी जेवणाचं बघा.

मी ऑरेगॉनच्या न्यूपोर्टबद्दल बोलतोय, तेही सप्टेंबरातल्या. पाणी इतकं गार की पोहायचं नावच नको, पण याक्विना बेच्या धक्क्यावर बोटी लागलेल्या असतात, त्यातल्या काही बोटींवरूनच अल्बाकोर ट्यूना विकतात, म्हणजे आपल्या कुप्याचाच भाऊबंद. अख्खा घ्या आणि कापून मागा, कुठे कापतात ते तेच सांगतात. आमसुलं आणि मालवणी मसाला मात्र घरूनच न्यायचा हं, तो तिथे कुठे शोधणार.

आणि खेकडे! डंजनेस खेकडा धक्क्यावरून स्वतः पकडता येतो, शेलफिशचं लायसन्स काढायचं, रिंगला, म्हणजे खेकडे धरायच्या गोल जाळीला, चिकनचा तुकडा बांधून पाण्यात सोडायची, पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारायच्या, वर ओढायची. फक्त नर ठेवायचे, कवच पावणेसहा इंचांचं तरी हवं, माणशी दिवसाला 12, माद्या परत पाण्यात. सी लायन, म्हणजे सीलसारखे मोठे समुद्री प्राणी, चिकन पळवतात ते वेगळंच, आणि रात्री इतके ओरडतात की साईट, म्हणजे आरव्ही लावायची जागा, बेफ्रंटपासून, म्हणजे धक्क्याच्या भागापासून, जरा लांबच घ्यावी.

तिकडचे लोक अख्खा खेकडा उकळून बटरबरोबर खातात, चांगला लागतो, नाही म्हणत नाही, पण आधी साफ करून दोन तुकडे करून नारळाच्या वाटणात शिजवला की विषयच संपला. साफ करायचं दुसरं कारण असं की डोमोइक ॲसिड नावाचं विष कधीकधी खेकड्यात येतं ते मुख्यतः पोटातल्या भागात साठतं, म्हणून तो भाग टाकूनच द्यायचा, आणि निघण्यापूर्वी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची सूचनाही बघायची.

आता किचन. साईटवरचं वीज कनेक्शन 30 अँपचं असेल तर सगळी मिळून 3600 वॅट, त्यात 1500 चा हीटर, वर मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावलात की ब्रेकर पडलाच समजा, भात होईपर्यंत हीटर बंद ठेवा. मासे तळायचे तर बाहेर, टेबलावर, कारण आत तळलं की तो वास गाद्यांमध्ये जाऊन बसतो तो जातच नाही. तळलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, सांडपाण्याची टाकी तुमच्याच गाडीत आहे. फ्रीज लहान, म्हणून कॉस्टकोची मोठी खरेदी विसरा, दोन दिवसांचं आणा.

आणि जेवून झाल्यावर? काही नाही, खुर्ची बाहेर काढा आणि बसा. ऑरेगॉनमध्ये 1967 च्या कायद्यामुळे सगळी पुळण लोकांना खुली आहे, त्यामुळे चार वाजता चालायला जायचं तर कुणाला विचारायची गरज नाही, फक्त लाटांकडे पाठ करू नका, तिथली लाट अचानक बरीच वर येते. आणि जॅकेट घ्या बरं का, सप्टेंबर असला तरी!