स्पेलिंगमागे लपलेला ख्याल

मंडळी, विषय ठरलाय संगीतावरचे अभ्यासपूर्ण लेख शोधायचे कसे आणि जपायचे कसे. जपण्याकडे येतोच, पण आधी स्पेलिंगवर बोलू द्या. आपल्या संगीतावरचे कितीतरी लेख हाताशी असूनही केवळ स्पेलिंगपायी नजरेआड राहतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

'ख्याल'च घ्या. रोमन लिपीत कुणी के-एच-वाय-ए-एल लिहितं, कुणी एचनंतर ए घालतं, बंगालकडे तिथेच ई येते. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या ऑनलाइन संग्रहात के-एच, मग चांदणी म्हणजे स्टारचं चिन्ह, मग वाय-ए-एल टाका. तिन्ही रूपं एकदम गोळा होतात. गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचा अभ्यासलेखांचा शोध, त्याला शब्दाच्या पोटातली चांदणी कळत नाही. तिथे तिन्ही स्पेलिंगं लिहून मधे 'ओआर' घालायचं, तेही मोठ्या अक्षरांत.

जुन्या स्कॅनमध्ये याहून वाईट होतं. शास्त्रीय पद्धतीने 'राग' लिहिताना पहिल्या ए-च्या डोक्यावर आडवी रेघ असते. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, त्याला ती रेघवाली ए कधीकधी डी वाटते आणि आर-ए-जी-ए-चं आर-डी-जी-ए होऊन बसतं. पानावर राग स्वच्छ दिसतोय, शोधाला मात्र सापडत नाही! म्हणून हे बिघडलेलं रूपही मुद्दाम टाकून बघा.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले मराठी-हिंदी प्रबंध वाचताना पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या फाइलीत चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर प्रबंध युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरी नुसती दिसायला देणाऱ्या पण आत रोमन अक्षरं ठेवणाऱ्या जुन्या फॉन्टात टंकलेला आहे. शब्द टाकून त्यात काही मिळणार नाही, अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची.

आणि नावं! भातखंड्यांनी 'चतुर पंडित' आणि 'विष्णुशर्मा' या नावांनीही लिहिलं. नुसतं 'विष्णु' टाकलंत तर पलुसकरही त्यातच येतात. पलुसकरांना आपण 'विष्णु दिगंबर' म्हणतो, त्यामुळे सूचीत व आणि प दोन्ही अक्षरं बघा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा जपण्याचं भराभर सांगतो. ग्रंथालयाच्या लॉगिनमधून मिळालेली लांबलचक लिंक ठेवू नका, घरून ती उघडत नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक टिपा, नसेल तर जेस्टोरची स्टेबल, म्हणजे न बदलणारी लिंक. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेख घेतलात की लेखक, वर्ष, खंड, अंक, पानं तिथल्या तिथे तपासा, कारण जुन्या स्कॅनवरून आपोआप भरलेली माहिती बहुधा अपुरी असते. झोटेरोची मोफत जागा 300 एमबी, ती स्कॅननी चटकन भरते. मोठ्या फाइली स्वतःच्या डिस्कवर ठेवून झोटेरोत फक्त जोडणी द्या, आणि डिस्कची दुसरी प्रत काढा. फाइलीचं नाव आडनाव, वर्ष, विषयाचा एक शब्द. उतरवताना आलेल्या आकड्यांवर सोडू नका.

जुन्या मासिकाचे फोटो काढताना मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाही घ्या. जोडअंकात आतल्या पानांवर महिना नसला, तर संदर्भ तिथूनच मिळतो. आणि लेखाखाली 'अपूर्ण' छापलेलं दिसलं, तर पुढचा अंक त्याच बैठकीत मागवून घ्या.