शिडे उतरवण्याआधी

मंडळी, मुंबईत पाऊस ओसरू लागला की शिडाच्या होड्या पाण्यात उतरवायची लगबग सुरू होते. इथे ओंटारियो सरोवरावर सगळे उलटे. सप्टेंबर सरत आला की क्रेनची तारीख मागे लागते आणि होडी थेट वसंतापर्यंत किनाऱ्यावर, स्टँडवर. हंगामाचा हिशेब हिवाळ्यात निवांत मांडू, असे बहुतेक जण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. होडी पाण्यात, शीड वर आणि वारा बारा-पंधरा नॉट असतानाच तो मांडा. निम्मे दोष ताण आल्याशिवाय दिसतच नाहीत.

शीड आधी घेऊ. वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळून चालताना मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) खालच्या कडेच्या मध्याशी बसून वरच्या दिशेने फोटो काढा. फुगवटा सर्वात खोल कुठे आहे ते त्यात दिसते. तो पुढच्या कडेपासून साधारण 40 ते 50 टक्क्यांवर हवा. मागे सरकला असेल आणि हॅल्यार्ड (शीड वर खेचणारी दोरी) ताणूनही पुढे येत नसेल, तर कापड थकले. मग होडी नको इतकी कलते, सुकाणू हाताला ओढत राहते आणि आपण बोल लावतो वाऱ्याला. शिवणीची गोष्ट वेगळी, ती किनाऱ्यावरही कळते. दोरा नखाने खरवडा. उन्हाने कापडाआधी दोराच कुजतो, आणि नुसता दोरा गेला असेल तर नवे शीड कशाला? शिवून घ्या, तेही आताच. वसंतात शिडेवाल्याकडे रांग लागते.

त्याच फेरीत डोलकाठीच्या बुंध्याशी डोळा लावून शिडाच्या खाचेतून वर बघा. काठी बाजूला वाकलेली दिसली, तर तिला धरून ठेवणाऱ्या डाव्या-उजव्या तारांचा ताण जुळत नाही. वारा दुसऱ्या बाजूने घेऊन पुन्हा बघा. तारा मात्र काठी उतरवल्यावर तपासा: कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तुटलेला धागा कापसाचे तंतू पकडतो. तारेच्या 19 धाग्यांतला एक जरी तुटला, तरी ती तार बदलायची. इथे काटकसर नको.

हे सगळे जुलैतल्याच बेताने करू नका. 5 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के जड असते. शिवाय सरोवराचे पाणी अजून उबदार आणि वरची हवा गार, त्यामुळे हवा ढवळली जाते आणि वरचा जोरकस वारा झोतांनी खाली येतो. उन्हाळ्यात ज्या वाऱ्यात पूर्ण शीड ठेवत होतात, त्यात आता पहिला रीफ घ्या, म्हणजे शिडाचा खालचा भाग बांधून ते लहान करा.

इंजिनाचे तेल गरम इंजिनातून, होडी बाहेर काढण्याआधीच बदला. जुन्या तेलातली आम्ले हिवाळाभर बेअरिंगला लागून राहू नयेत. अँटिफ्रीझ (न गोठणारा गुलाबी द्रव) होडी बाहेर आल्यावर. सरोवराच्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनात एक फसगत ठरलेली: इंजिन गार असेल तर थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) बंद राहतो, गुलाबी द्रव बाजूच्या वाटेने एक्झॉस्टमधून बाहेर येतो आणि ब्लॉकमध्ये पाणी तसेच राहते. म्हणून आधी इंजिन तापवा किंवा ब्लॉकचे पाणी खालच्या प्लगमधून काढून टाका. नुसता गुलाबी रंग दिसला म्हणून काम झाले असे नाही. आत पाणी उरले तर द्रव पातळ होतो आणि डब्यावर छापलेले तापमान त्याला लागू राहत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत प्रोपिलीन ग्लायकॉलचेच अँटिफ्रीझ. एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. शिसे-आम्लाच्या भरलेल्या बॅटरीतला द्रव उणे 50 अंशांनाही गोठत नाही, रिकामीतला उणे 10च्या आसपासच गोठतो आणि डबा फुटतो.

शेवटी सी-कॉक, म्हणजे होडीच्या तळातल्या पाण्याच्या वाटांवरचे व्हॉल्व्ह. होडी किनाऱ्यावर आली की हे बॉल व्हॉल्व्ह (आत फिरणाऱ्या पोकळ गोळ्याचे) बंद करून टाकायची सवय अनेकांना असते. बंद करताना गोळ्याच्या पोकळीत पाणी अडकते. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगते आणि व्हॉल्व्हच्या अंगाला बारीक तडा जातो. तो दिसत नाही. वसंतात होडी क्रेनच्या पट्ट्यांवर टांगलेली असतानाच पाणी आत येऊ लागते, तेव्हा कळते. व्हॉल्व्ह अर्धवट उघडून ठेवा, म्हणजे गोळ्याच्या आतले आणि मागचे, दोन्ही पाणी निथळते. क्रेनवाल्याने होडी पाण्यात टेकवली की पट्टे सोडायच्या आत खाली उतरून प्रत्येक सी-कॉक हाताने चाचपा.