पाच पेलेटच्या ग्रुपवर भुलू नका

नमस्कार मंडळी. हे निशाण्याचे दोन कागद बघा. हा पहिला: एअर पिस्तुलाचे पाच पेलेट, म्हणजे छर्रे, जवळपास एकच भोक, शर्टाच्या बटणाखाली झाकेल. एवढा घट्ट ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बघून मी त्या पेलेटचे दहा डबे उचलले. आणि हा दुसऱ्या दिवशीचा. तेच पिस्तूल, तोच डबा, आणि भोकं बघा कशी विखुरलीत. बायको म्हणाली, "एवढ्यात चार चादरी आल्या असत्या." सोलापुरात हिशोब शेवटी चादरीवरच येतो.

ठासणीचं (नळीच्या तोंडातून भरायचं) पिस्तूल चालवणाऱ्यांचं जुळवणीचं काम जास्त किचकट. दारू किती, गोळी केवढी, भोवतीची चिंधी किती जाड. एका वेळी यातलं एकच बदलायचं. आपल्या दहा मीटरच्या एअर पिस्तुलात हवेचा दाब ठरलेला, बदलायला उरतो फक्त पेलेट. डब्यावर ४.४९, ४.५० लिहिलेलं असतं ना, ते पेलेटच्या डोक्याचं माप. फरक एक शतांश मिलिमीटरचा, पण नळीतल्या आट्यांना, म्हणजे पिळदार खाचांना, कुठलं माप मानवेल हे झाडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता चाचणी. रेंजवरच करायची, घराच्या गच्चीवर नाही. आधी हाताची थरथर काढा, नाहीतर तुम्ही पेलेट नव्हे, स्वतःलाच तपासताय. व्हाइस, म्हणजे पिस्तूल घट्ट पकडणारा शिकंजा, असेल तर उत्तम. माझ्याकडे नाही, मी टेबलावर चादरीची घट्ट गुंडाळी करून दोन्ही मनगटं तिच्यावर टेकवतो.

माझी चूक इथं झाली: पाचच झाडले. पाच कधीकधी नशिबानं एका जागी बसतात. दहा झाडा, प्रत्येक डब्याचे तीन कागद. आणि एक डबा संपवून दुसरा असं नको. आलटून पालटून घ्या, म्हणजे शेवटी डोळे थकले तरी त्याचा भार एकाच डब्यावर येत नाही.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा, त्यातून पेलेटच्या जाडीचे ४.५ मिलिमीटर वजा करा. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्याच्याशी ताडून बघा. ग्रुप मधोमध नसला तरी चालेल, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नंतर फिरवता येते.

पेलेट शिशाचे असतात, हात साबणानं धुवा. शेंगाचटणीला त्यानंतरच हात लावा.

ते दहा डबे? सरावात संपवतोय. अजून सहा आहेत.