पाचव्या पायावरून ओळख : ठाणे खाडीतील कोपेपॉड

(दृश्य : ऐरोली पुलाच्या दक्षिणेला चढत असलेले भरतीचे पाणी, काठाने तिवरांची रांग.)

ठाण्याच्या खाडीचे नाव गेल्या काही वर्षांत रोहित पक्ष्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. ऐरोली आणि वाशी येथील पुलांच्या दरम्यानचे क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्ष्यांची मोजणी होते, त्यांची छायाचित्रे निघतात, तिवरांच्या जातींची यादीही आता शाळकरी मुले सांगू लागली आहेत. परंतु मोठा रोहित ज्या बारीक कवचधारी जिवांवर पोट भरतो आणि चेंदणी किंवा दिवाळे येथील कोळीवाड्यांतून जाळ्यात येणारी मासळी आपल्या बालपणी ज्यांच्यावर वाढते, त्यांतला सर्वांत विपुल गट म्हणजे कोपेपॉड. त्याची बोळवण मात्र अनेकदा अहवालातल्या एका ओळीत होते : कोपेपॉड, एकूण प्राणिप्लवकांच्या (पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या) इतके टक्के. वेगवेगळे अन्न खाणाऱ्या, वेगवेगळी क्षारता सोसणाऱ्या आणि वेगवेगळ्या ऋतूंत वाढणाऱ्या अनेक जाती त्या एका आकड्यात मिसळून जातात. त्या वेगळ्या कशा करायच्या, हा या चित्रफितीचा विषय आहे.

(दृश्य : होडीतून सोडलेली शंकूच्या आकाराची प्लवकजाळी.)

जाळीच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवलेला असतो, त्यामुळे किती पाणी गाळले गेले हे कळते, आणि शेवटच्या टोकाला नमुना साठवणारी लहानशी बादली असते. जाळीचे छिद्र किती मोठे, यावर पुढचे सारे अवलंबून असते, आणि माझ्या मते या बाबीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नेहमीच्या वापरातली २०० मायक्रॉनची जाळी प्रौढ कॅलॅनॉइड (कोपेपॉडांचा एक गण) नीट पकडते, पण सडपातळ बांध्याचे ओइथोना नावाचे कोपेपॉड आणि बहुतेक सगळ्या अळ्या तिच्यातून निसटतात. अशा नमुन्यावरून खाडीत ओइथोना कमी आहेत असे म्हणणे म्हणजे जाळीचा दोष खाडीच्या माथी मारणे होय. जे लहान आहे त्याची गणना करायची असेल, तर बारीक छिद्राची दुसरी जाळी त्याच वेळी, भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्यावर ओढावी लागते.

नमुना चार ते पाच टक्के फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात आणि त्यात बोरॅक्स घालून आम्लता मारतात. फॉर्मॅलिनमध्ये रंग मात्र उडतात. पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या लॅबिडोसेरा या कोपेपॉडाची निळाई किंवा आकार्शिया या दुसऱ्या कोपेपॉडाच्या डोळ्याची लाली जिवंतपणीच पाहून टिपून ठेवावी लागते.

(दृश्य : काचेच्या बशीतील नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली.)

बशीत जे वळवळताना दिसते ते सगळे कोपेपॉड नसते. खाडीकाठच्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला जवळा येथे तुलनेला उपयोगी पडतो. जवळ्याच्या पाठीवर सलग ढालीसारखे कवच असते, डोळे देठावर बसवलेले आणि अनेक भिंगांचे असतात, आणि पोटाखाली पोहण्याच्या पायांच्या जोड्या असतात. कोपेपॉडात यांतले काहीही नसते. त्याच्या डोक्यावर एक साधे कवच असते, बहुतेकांना कपाळाच्या मध्यभागी एकच साधा डोळा असतो, आणि शरीराचा मागचा भाग पोहण्याच्या पायांवाचून निमुळता होत जाऊन शेपटीच्या दोन शाखांमध्ये संपतो. या शाखांना पुच्छशाखा म्हणतात. त्यांवरचे रोम किती आहेत, कसे पसरले आहेत आणि दोन्ही बाजूंना सारखे आहेत की नाहीत, हे पाहण्याची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. आकाराचे म्हणाल, तर खाडीतला प्रौढ कोपेपॉड साधारण खसखशीच्या दाण्याएवढा, किंवा त्याहून लहान असतो.

शरीराचे दोन भाग पडतात. पुढचा भाग रुंद असतो आणि त्यात डोके व पोहण्याचे पाय धारण करणारे वक्षाचे खंड येतात. मागचा भाग अरुंद असतो. या दोन भागांच्या मध्ये एक मुख्य सांधा असतो, जिथे शरीर सहज वाकते. हा सांधा नेमका कुठे आहे, हे ओळखीतले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. १८८२ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म गीसब्रेख्ट यांनी याच सांध्याच्या आधारे कोपेपॉडांची मोठी विभागणी मांडली आणि ती आजही टिकून आहे. कॅलॅनॉइड गणात हा सांधा पाचवा पाय (पायांची पाचवी जोडी) धारण करणाऱ्या खंडाच्या मागे असतो, म्हणजे पाचवा पाय पुढच्या रुंद भागात राहतो. सायक्लोपॉइड आणि हारपॅक्टिकॉइड गणांत सांधा त्याच खंडाच्या पुढे असतो, म्हणून पाचवा पाय मागच्या अरुंद भागात जातो. प्राणी कितीही लहान असला आणि त्याच्या शृंगिका (डोक्यावरच्या लांब मिशा) तुटल्या असल्या तरी हे लक्षण तुटत नाही.

शृंगिका तुटतात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण नवखा अभ्यासक पहिल्यांदा त्यांच्याकडेच पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कॅलॅनॉइडांची पहिली शृंगिका लांब असते, बहुतेकांत तिचे वीसहून अधिक खंड असतात, आणि प्राणी पाण्यात तरंगताना ती दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली दिसते. हारपॅक्टिकॉइडांची शृंगिका आखूड असून तिचे खंड सहसा दहापेक्षा कमी असतात. सायक्लोपॉइड या दोघांच्या मध्ये बसतात. शृंगिकेवरचे रोम पाण्यातली बारीकशी हालचालही टिपतात. मासा जवळ आला, की कोपेपॉड काही सहस्रांश सेकंदांत दिशा बदलून स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट अंतर प्रतिसेकंद या वेगाने उडी घेतो. या उडीमागे पोहण्याच्या पायांची रचना आहे. डावा आणि उजवा पाय तळाशी एका आडव्या पट्टीने जोडलेले असतात, त्यामुळे दोघांना एकाच वेळी मारा करावा लागतो. जोड्या एकामागून एक, मागून पुढच्या क्रमाने हलतात आणि प्राणी पुढे फेकला जातो.

(दृश्य : आकार्शियाची मादी, पाठीकडून.)

आता एका प्राण्यापाशी थांबू. आकार्शिया ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांत सर्रास आढळते. शरीर सडपातळ आहे, शृंगिकेवरचे रोम लांब आणि अनियमित आहेत, आणि पुच्छशाखांवरचे रोम पंख्यासारखे पसरले आहेत. पुढच्या भागाच्या मागच्या कोपऱ्यांकडे पाहा. आकार्शियाच्या काही जातींत हे कोपरे गोल असतात, तर आकार्शिया स्पिनिकॉडासारख्या जातीत तेथे काटे असतात. इथवर पाठीकडून पाहून पोहोचता येते, पुढे मात्र प्राणी उलटा करावा लागतो.

स्लाइडवर ग्लिसरिनचा एक थेंब घेऊन प्राणी त्यात ठेवतात. काडीच्या टोकाला बसवलेली अतिशय बारीक सुई एका हातात घेऊन तिने पुढचा भाग स्थिर धरतात आणि दुसऱ्या सुईने मुख्य सांध्याशी मागचा भाग हळूच सोडवतात. पाचवा पाय आता शेवटच्या वक्षखंडाच्या खालच्या बाजूला उघडा पडतो. मादीत तो इतका लहान असतो, की चुकीच्या प्रकाशात दिसतही नाही. मध्यावर एक आखूड भाग, आतल्या बाजूला काट्यासारखे टोक आणि बाहेरच्या बाजूला पिसासारखा एक लांब रोम, एवढीच त्याची रचना. या काट्याची लांबी, त्याच्या बुडाशी असलेला फुगवटा, कडेचे दात आणि बाहेरच्या रोमाशी त्याचे प्रमाण यांवरून जाती वेगळ्या होतात. काचझाकण किंचित सरकवले की पाय थोडा वळतो आणि जी कड आधी लपली होती ती समोर येते. रेखाचित्र याच वेळी, दोन्ही स्थितींत काढून ठेवावे. छायाचित्रात एकाच पातळीवरचे स्पष्ट दिसते आणि बाकीचे धूसर होते, म्हणून या कामात हाताने काढलेल्या रेषेला अजूनही पर्याय नाही.

नराचा पाचवा पाय याहून मोठा, गुंतागुंतीचा आणि डाव्या-उजव्या बाजूंना वेगळा असतो. बहुतेक कॅलॅनॉइड नर एका बाजूच्या पायाने मादीला पकडून ठेवतात आणि दुसऱ्या बाजूच्या पायाने शुक्राणूंची कुपी तिच्या जननखंडावर चिकटवतात. पकडीच्या कामात एक शृंगिकाही मदत करते. ती मध्येच गुडघ्यासारखी दुमडते. आकार्शियात ती उजवी असते. सायक्लोपॉइड आणि हारपॅक्टिकॉइड नरांच्या दोन्ही शृंगिका दुमडणाऱ्या असतात. हा अवयव जातीजातीत इतका ठरलेला का, याचे एक कारण या जुळणीत आहे, कारण दुसऱ्या जातीच्या मादीवर तो सहसा नीट बसत नाही. मादी ओळखण्याची आणखी एक खूण मागच्या भागात सापडते. तिचा जननखंड त्याच्या लगेच मागे येणाऱ्या उदरखंडाशी एकजीव झालेला असतो, त्यामुळे तिच्या मागच्या भागात नरापेक्षा किमान एक खंड कमी मोजला जातो.

(दृश्य : अंडथैली घेऊन पोहणारी मादी.)

अंड्यांचाही उपयोग होतो. आकार्शिया आणि पॅराकॅलॅनस अंडी सरळ पाण्यात सोडतात. स्यूडोडायाप्टोमसची मादी ती पोटाखालच्या थैलीत बाळगते, आणि ओइथोनाच्या मादीच्या दोन्ही कुशींना एकेक थैली लटकते. नमुना हलवला की थैल्या गळून पडतात, म्हणून थैली नसण्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

तोंडाच्या अवयवांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दुसरी शृंगिका, जंभ, जंभिकांच्या दोन जोड्या आणि जंभपाद असा त्यांचा क्रम आहे. त्यांतला जंभ विशेष पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्या चावणाऱ्या कडेवरचे दात अनेक जातींत सिलिकेने मढवलेले असतात. डायटम या सूक्ष्म शैवालाचे कवचही सिलिकेचेच असते. डायटम फोडून खाणाऱ्या जातींचे दात बोथट आणि दळण्याजोगे असतात, तर टॉर्टॅनससारख्या शिकारी प्रजातीचे दात मोजके आणि अणकुचीदार असतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक जबडा पाहून तो प्राणी काय खात असावा याचा अंदाज बांधता येतो, आणि अहवालातल्या टक्केवारीत जे हरवते ते नेमके हेच.

ओइथोना ओळखायला सोपा, पण त्याच्या जाती वेगळ्या करणे अवघड. पुढचा भाग लांबट अंडाकृती, मागचा काडीसारखा अरुंद. येथे प्राणी कुशीवर वळवून चोच पाहावी लागते. ती वरून दिसते की खाली वळलेली आहे, हे आधी ठरते. हारपॅक्टिकॉइडांपैकी बहुतेक जाती चिखलात आणि तिवरांच्या मुळांपाशी राहतात. त्यांचे शरीर नळीसारखे असते आणि दोन भागांतला फरक पुसट होतो. प्लवकजाळीत येणारा त्यांचा परिचित प्रतिनिधी म्हणजे टोकदार चोचीचा, चातीच्या आकाराचा यूटरपिना अॅक्युटिफ्रॉन्स.

(दृश्य : अळीचे सहा टप्पे, रेखाचित्रांतून.)

अंड्यातून नॉप्लिअस अळी बाहेर पडते. तिचे सहा टप्पे होतात, त्यानंतर कोपेपोडाइटचे सहा, आणि यांतला शेवटचा टप्पा म्हणजे प्रौढ. पाचवा पाय शेवटच्या टप्प्यातच पूर्ण घडतो. नमुन्यातले बरेचसे प्राणी अर्धवट वाढीचे असतात आणि त्यांना जातीचे नाव देण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रजातीचे नाव आणि टप्प्याचा क्रमांक एवढे लिहिणे हेच तेथे शास्त्रशुद्ध आहे.

नावांसाठी आधार लागतो. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक राहिलेले सेमूर सिवेल यांनी भारतीय समुद्रांतील कॅलॅनॉइडांचे सविस्तर वर्णन १९२९ आणि १९३२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले आणि त्यातली पाचव्या पायाची चित्रे आजही समोर ठेवावी लागतात. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत गोळा झालेले प्राणिप्लवक कोची येथे वेगळे करण्यात आले आणि त्या कामात एक पिढी तयार झाली. ठाण्यातही चेंदणी बंदर रस्त्यावरच्या बांदोडकर महाविद्यालयात खाडीच्या परिसंस्थेचा अभ्यास दीर्घकाळ चालत आला आहे.

(दृश्य : न्हावा शेवा येथे धक्क्याला लागलेले मालवाहू जहाज.)

खाडी जिथे मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते, तिथून न्हावा शेवा जवळ आहे. जहाजे तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यातून कोपेपॉड महासागर ओलांडतात. वायव्य प्रशांत महासागरातला स्यूडोडायाप्टोमस मरायनस अशाच मार्गांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि युरोपच्या समुद्रांत पोहोचला. असे प्रकार रोखण्यासाठी २००४ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. आपल्या किनाऱ्यावर स्यूडोडायाप्टोमसच्या स्वतःच्या जाती आहेतच. उद्या एखादी परकी जात खाडीत आली, तर ती पाहुणी आहे हे प्रामुख्याने नराच्या पाचव्या पायावरून आणि मादीच्या जननखंडावरून कळेल. नोंदीत जर नुसते कोपेपॉड असे लिहिलेले असेल, तर ती कधी आली हेसुद्धा मागाहून शोधता येणार नाही.

जनुकीय ओळख आता हाताशी आली आहे. पेशीतल्या सूत्रकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) एका जनुकाचा तुकडा वाचून दिसायला सारख्या जाती वेगळ्या करता येतात, आणि एकच मानल्या गेलेल्या काही नावांखाली अनेक वंश असल्याचे त्यातून उघड झाले आहे. परंतु त्या जनुकाची तुलना ज्या संग्रहाशी करायची, तो संग्रह कुणीतरी सुईने पाय सोडवून, नाव ठरवून तयार केलेला असावा लागतो. म्हणून प्रत्येक फेरीत नमुन्याचे दोन भाग करावेत : एक फॉर्मॅलिनमध्ये शरीररचनेसाठी, आणि एक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मॅलिन जनुकीय द्रव्य खराब करते. चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी आणि ती शिसपेन्सिलने लिहावी, कारण शाई विरघळते. तिच्यावर ठिकाण, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, क्षारता आणि जाळीचे छिद्र असावे, आणि ज्या प्राण्याचा पाय सोडवला त्याची स्लाइड कोणत्या क्रमांकाची, हेही.