आजोबा, तुम्ही कुठे जमणार?

(टोकियोतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

आरती झाली, प्रसाद झाला, आता काहीतरी प्रसन्न ऐकायला मिळावं असं तुम्हाला वाटत असणार. पण ऑगस्टमध्ये ठाण्याहून परतल्यापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळतोय. प्रश्न माझ्या धाकटीचा आहे. ती चौथीत आहे, इथल्याच वॉर्डाच्या शाळेत.

नौपाड्यात माझं माहेर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या दिवशी पावसानं झड धरली होती. तलावपाळीला जायचं राहिलं म्हणून धाकटी आजोबांपाशी येऊन बसली आणि मधेच म्हणाली, "आजोबा, भूकंप झाला तर तुम्ही कुठे जमणार?" बाबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "आम्ही कुठे जाणार बाळा, आम्ही इथेच." ती ऐकेना. "इथे थांबायचं नसतं. आधी टेबलाखाली, हलायचं थांबलं की बाहेर, मग मैदानात. तुमचं मैदान कुठलं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. भूकंप त्यांना कुणी समजावून सांगायला नको. ते मूळचे कराडचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते कॉलेजात होते. त्या थंडीत सगळं घर घोंगड्या पांघरून अंगणात बसलं आणि नंतरही बरेच दिवस कुणी आत झोपायला धजेना, हे आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलोय. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "तेव्हा अंगण होतं गं. इथे खाली काय आहे? सगळ्यांच्या स्कूटरी."

११ मार्च २०११ ला तुमच्यापैकी बरेचजण टोकियोतच होते. दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. मी कायाबाचोच्या ऑफिसात होते. नेहमीसारखं थांबेल म्हणून टेबल धरून बसले, आणि ते थांबतच नव्हतं. फायलींची कपाटं उघडी पडली. खिडकीतून समोरची उंच इमारत डोलताना दिसत होती, आणि ती डोलायची थांबल्यावरही आपलं अंग हलतच होतं. ९.० मॅग्निट्यूडचा धक्का होता, हे नंतर कळलं. फोन लागत नव्हते, मेट्रोची तोझाई लाइन बंद. थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता, निशी-कासाईच्या पाळणाघरात.

मी चालत निघाले. एइताइ पूल ओलांडून पूर्वेकडे. रस्ता माणसांनी भरलेला, सगळे एकाच दिशेनं, आणि कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. एका दुकानदारानं दारात पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. कासाई पुलावर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता आणि खाली अराकावा काळीभोर वाहत होती. मला भीती वाटत होती, नाही कशी? पण पोरगा कुठे असेल हा प्रश्न मला पडला नाही. धक्का बसला की मुलं डोक्यावर गादीच्या टोप्या घालून कुठे बसतात, वाट कुठे बघतात, कोण सही करून त्यांना नेऊ शकतं, हे सगळं आधीच ठरलेलं होतं. दर वर्षी आमच्याकडून ती कवायत करून घेत होते. मी दारात गेले तर तो शिक्षिकेच्या मांडीवर बिस्किट खात बसला होता. माझा नवरा शिंजुकूहून चालत मध्यरात्री घरी पोहोचला.

ठाण्यात मात्र त्याच वेळी आई-बाबा टीव्हीवर त्सुनामीची तीच तीच दृश्यं बघत होते. लाटा सेंदाईकडे, टोकियो तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, हे त्यांना कोण सांगणार? भावाला माझी मेल मिळेपर्यंत आई देवासमोरून उठली नव्हती.

पुढचे दिवस तुम्हाला आठवतच असतील. २३ मार्चला नळाच्या पाण्यात फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातून आलेलं किरणोत्सारी आयोडीन सापडलं, तान्ह्या बाळांना ते देऊ नका असं जाहीर झालं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं तेव्हा भारतात गेली, काही थांबली, आणि त्यावरून घराघरांत भांडणं झाली. कोण बरोबर होतं यावर आज मला बोलायचं नाही. तेव्हा ठाण्याहून रोज फोन यायचे, "या निघून." आपल्याला सुरक्षित वाटेल अशी जागा म्हणजे ठाणं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

धाकटीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

२०११ च्या त्या भूकंपात १८ हजारांहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. बहुतेक सगळी त्सुनामीत. टोकियोही भरपूर हादरलं, पण इमारती उभ्या राहिल्या, कारण १९८१ पासून इथले बांधकामाचे नियम कडक केलेले आहेत आणि ते पाळलेही जातात. आता आपल्याकडचं बघा. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा उभारलेली एक इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. त्या संध्याकाळी जमीन हललीसुद्धा नव्हती. ठाणे आणि मुंबई २००२ च्या भूकंप नकाशात तिसऱ्या झोनमध्ये आहेत, म्हणजे मध्यम धोका. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे विसर्जन आटोपून झोपलेली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली, कारण घरं धक्का सोसणारी नव्हती. तो भूकंप कोयनेपेक्षा मोठा नव्हता आणि माणसं मात्र दहा हजारांच्या आसपास गेली.

नवी मुंबईवाल्यांनाही एक सांगायचंय. आपल्या शेजारच्या उरायासूत २०११ ला काय झालं, आठवतंय ना? समुद्रात भराव घालून केलेली जमीन. धक्क्यानं वाळू आणि पाणी वर उसळलं, रस्ते खचले, विजेचे खांब तिरके झाले, कित्येक आठवडे गटारं बंद. खाडीकाठच्या भरावावर तिकडेही वस्त्या आहेत. तुमचं घर कशावर उभं आहे आणि त्याचा पाया किती खोल आहे, हे घेताना कुणी विचारलं होतं का?

आमच्या माहेरच्या इमारतीला पन्नास वर्षं होत आली. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे मजबुतीच्या तपासणीत, ती सी-२बी आली, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करा. जिन्याच्या वळणावर सळया दिसतात. भावाला वाटतं, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा रीडेव्हलपमेंटला द्यावी. बाबा म्हणतात, नाही. धाकटीच्या प्रश्नानंतर रात्री जेवताना याच विषयावरून जोरात वाजलं. भाऊ म्हणाला, "एक धक्का बसला तर?" बाबा म्हणाले, "या वयात भाड्याच्या घरात जायचं, आणि इमारत उभी राहीपर्यंत आम्हीच राहिलो नाही तर?" आई ताट घेऊन आत गेली. बाबांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आमच्या ओळखीतच असे आजी-आजोबा आहेत, जे नव्या घराच्या किल्लीची वाट बघत भाड्याच्या खोलीतच वारले.

आता मंडळी, थोडं रागावते, मोठी बहीण समजा. आपल्यापैकी कितीजणांचे फ्लॅट घोडबंदर रोडला, खारघरला, ऐरोलीला आहेत? सोसायटीचं पत्र येतं, स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इतके भरा. आदर्श उपविधींनुसार इमारत तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. पत्राला उत्तर कोण देत नाही? आपण. "तिथे भाडेकरू राहतो, मग कशाला," असं मी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलंय. तो भाडेकरूही कुणाचा तरी मुलगा आहे. आणि इथे? वॉर्डाची भूकंपाची कवायत असते त्या रविवारी आपल्यातली किती माणसं येतात? गणपतीला तीनशे जमतो.

इवाते प्रांतात किनाऱ्यावर कामाइशी नावाचं शहर आहे. तिथल्या शाळांतली जवळपास तीन हजार मुलं त्या दिवशी वाचली. त्यांना शिकवलं होतं की आई-वडिलांना शोधत मागे फिरू नका, तुम्ही डोंगराकडे पळा, आणि आई-वडीलही पळालेच असतील असा विश्वास ठेवा. मी हे वाचते तेव्हा दर वेळी अडखळते. आपली घडण वेगळी आहे, आपण आधी माणसं गोळा करतो. आणि समजा, मी ठेवला विश्वास. पण माझे बाबा धावणारच नाहीत, ते "आम्ही इथेच" म्हणून बसणार आहेत, हे मला आधीच कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. धाकटी आजोबांना घेऊन खाली उतरली आणि दोघांनी मिळून जागा ठरवली, गावदेवी मैदान. जिना उतरून तिथवर पोहोचायला बाबांना बराच वेळ लागला. आईचे गुडघे तर हल्ली तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचंच टाळतात. धाकटीनं त्यावर विचारलं, "मग आजीला कोण उचलणार?"

मी, माझा भाऊ, कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. भाऊ पुण्याला असतो.

म्हणून मी एक सुचवते. आपल्या मंडळात ठाण्याची, डोंबिवलीची, वाशीची किती घरं आहेत, ते आपल्याला माहीत आहे. तिथे आपले आई-वडील एकमेकांपासून चार गल्ल्यांवर राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांची यादी करूया. कोण कुणाच्या घरी जाईल, किल्ली कुणाकडे, औषधं कुठली, जवळचं मैदान कुठलं. तिकडच्या भाच्या-पुतण्यांना त्यात घेऊया. पुढच्या महिन्यात बसलो तर दिवाळीला जाणारे लोक कागद सोबत नेतील.

बाबांना मी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "नाव घाल हवं तर. पण मला उचलायला येणाऱ्याला त्याचा स्वतःचा जिना आधी उतरावा लागेल, आणि तोही आमच्याच वयाचा असेल." यावर काय बोलावं ते मला सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जेवायला बसायच्या आधी मला गाठा, मी दारापाशीच आहे.