सोनाराच्या काट्यावरचा जिग

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'किनाऱ्यावरून जिताड्यासाठी मेटल जिगचं वजन कसं निवडावं'. जिग म्हणजे आकडे लावलेला धातूचा जड नकली मासा. वेळ पाऊण तास. घरून निघताना बायको म्हणाली, "जड घ्या नाहीतर हलकं घ्या, एवढं सांगायला पाऊण तास?" तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका.

समोर सगळी खारेपाटातली, म्हणजे रायगडच्या खाडीकाठची माणसं आहेत, त्यामुळे जिताडा म्हणजे काय हे सांगत बसत नाही. साहेबांकडे अडलेलं काम आणि पिशवीतला जिताडा यांचं नातं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. (हशा) पुण्याहून आलेल्या दोघांसाठी सांगतो, इंग्रजीत ह्याला एशियन सी बास म्हणतात. गोव्यात तोच चोणक. जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो, त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा बाईमाणूस. हे ऐकून घरी मात्र काही बोलू नका.

आता हा काटा. सोनाराचा आहे, मागून आणलाय. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून तीन जिग घेतले. एकच पाकीट, वर छापलेलं ३० ग्रॅम. पाण्यावर गेलो तर एक लांब जाई, दुसरा मध्येच पडे. आधी वाऱ्याला दोष दिला, मग रीलला, मग नवीन दोरी घेतली. दोन महिने असेच गेले. एके दिवशी मंगळसूत्राची वाटी डागायला सोनाराकडे बसलो होतो. शर्टाच्या खिशातून हे तीन नग बाहेर काढले. म्हटलं, "जरा वजन सांगता?" त्यांनी एक उचलला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "आधी हे गळाचे आकडे काढा. खडे धरून आम्ही सोनं मोजत नाही." (हशा) आकडे काढले, कड्या काढल्या. पहिला २४.३१०. दुसरा २६.८५०. तिसरा ३१.४००. तिन्ही भावंडं, एका आईची!

तसाच दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, मासा काय वजन करून घेतो?"

भांडायला गेलो होतो, पण रस्ताभर तेच वाक्य डोक्यात. कारण माणूस बरोबर बोलला. मासा वजन करत नाही, मासा जिग पडताना बघतो. किती वेळ पडतोय, सरळ धोंड्यासारखा की पानासारखा डुलत, एवढंच त्याला कळतं. आपण मात्र वजन विकत घेतो ते लांब फेकायला.

उघाडीवर, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या दारांपाशी जाऊन बघा. ओहोटीला दारं उघडली की खाजणातलं पाणी धो धो बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी येते. जिताडा धारेत उभा राहत नाही, तो आळशी. धारेच्या कडेला, संथ पाण्यात, तुमच्या पायांपासून दहा-बारा हातांवर टपून असतो. आणि आपले शूर लोक ६० ग्रॅमचा जिग त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या तिवरांत मारतात! मग तिवरं ओढत बसतात. माझे आजोबा पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं टाकायचे. पागाच्या घेराला किती शिसं ओवायचं हे ते कुठल्या पाण्यात टाकायचा त्यावर ठरवायचे. लांबीचा प्रश्नच नव्हता, जाळं मासा निसटायच्या आत तळाला बसलं पाहिजे, बस.

शिशावरून आठवलं. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. राजहंस ती चरताना गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे. आपल्या खाडीतल्या बगळ्यांचं कोण बघतं, हा एक वेगळा...

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, पळतो.

पाण्याच्या खोलीपासून सुरुवात करा. जिग टाका, दोरी सैल, मनात मोजा. दोन-तीन आकड्यांत तळ लागला तर वजन जास्त आहे, उतरा. वीस झाले तरी तळ कळत नाही तर चढा. तळ हाताला कळतो तितपत सगळ्यात हलकं, हे माझं माप. उथळ खाडीत १० ते १५ ग्रॅम, खडपावरून, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरून वाऱ्यात २० ते ३०, मोकळ्या पुळणीवर, वाळूत, ४०. त्याच जागी अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याची ओढ कमी असताना जे चालतं ते पुनवेच्या उधाणाला वाहून जातं, तेव्हा दोन वजनं खिशात हवीतच. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, अष्टमीला सहा वाजता, ते तुम्हाला मी काय सांगणार.

धातू. २० ग्रॅम टंगस्टन साधारण एक घनसेंटिमीटर, शिसं पावणेदोन, जस्त जवळजवळ तीन. वजन तेच, पण जस्ताचा जिग फुगीर, सावकाश पडतो. जिताड्याला मला तोच आवडतो, स्वस्तही असतो. शेपटीकडे जड असेल तो लांब जातो आणि धाडकन बुडतो, मध्यावर तोललेला डुलत उतरतो. रॉडवर १० ते ३० ग्रॅम लिहिलंय म्हणून ३० लावू नका, १८-२० ला तो खरा वाकतो. दोरीच्या पुढे जाड लीडर, म्हणजे जिगाआधीचा मजबूत दोरीचा तुकडा हवाच, जिताड्याच्या गालफडाची धार ब्लेडसारखी असते. आणि हो, बरेच जण म्हणतील जिताड्याला मेटल नको, प्लास्टिकचा मासा लावा. खरंय, वारा नसेल तेव्हा मीही तोच लावतो.

प्रश्न नंतर. काटा इथे टेबलावर आहे, ज्यांनी जिग आणलेत त्यांनी रांगेत या, आकडे काढून. सातच्या आत परत द्यायचाय, लग्नसराई आहे.