आदेश झाला, मूल मात्र कोल्हापुरातच

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापूरची. दत्तक घेणाऱ्या कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. सध्या इथे अमेरिकेत लेकीकडे आले आहे. अध्यक्षांनी बोलायला सांगितलं तेव्हा विषय कोणता, हे मला शोधावं लागलं नाही: भारतातून अमेरिकेत दत्तक येणारी, पण कागदांत अडकलेली मुलं.

आमच्या गावाला दत्तक नवीन नाही. राजर्षी शाहू महाराज म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं. त्याआधी, १८६६ साली, कोल्हापूर गादीचा दत्तक इंग्रजांनी मान्य केला होता. साताऱ्याचा मात्र १८४८ साली डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. घराणं एक, विधी तोच. तरी एकीकडे मुलगा वारस ठरला, दुसरीकडे ठरला नाही. घराने मूल आपलं म्हटलं, तरी सरकार म्हणेपर्यंत ते अधांतरी राहतं. आज ही पाळी दीड-दोन वर्षांच्या लेकरांवर येते, म्हणून मी इथे उभी आहे.

भारतातून अमेरिकेत मूल आणायचं तर दोन देशांचे कायदे एकदम सांभाळावे लागतात. परदेशी दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला, अमेरिकेत तो २००८ पासून लागू झाला. मुलांची खरेदी-विक्री थांबावी म्हणून तो झाला, आणि ती तपासणी कडकच हवी. माझं दुखणं तपासणी संपल्यावर फाईल नुसती पडून राहते, त्या काळाचं आहे. होम स्टडी म्हणजे पालकांच्या घराची पाहणी, अमेरिकन इमिग्रेशनची पात्रता-मंजुरी, ‘कारा’ या भारताच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी, मुलाची निवड, पुन्हा इमिग्रेशन, मग ‘कारा’चं ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचा दाखला, नवा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. पूर्वी आदेश कोर्ट देत असे; सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, आणि कायद्याने दोन महिन्यांची मुदत घातली आहे. इमिग्रेशनच्या टेबलावर मुलासाठी अशी मुदत मला कुठे दिसलेली नाही. उलट पालकांची पहिली मंजुरी पंधरा महिन्यांचीच असते. इकडे कागद अडकला की तिकडे ती संपत येते. मग बोटांचे ठसे पुन्हा, होम स्टडी पुन्हा अद्ययावत. त्यात कुणाची नोकरी बदलली, घर बदललं, तर आणखी एक फेरा.

आता हे मुलं राहतात त्या भारतातल्या संस्थेतून कसं दिसतं, ते सांगते. परदेशी जाणाऱ्या मुलांत मोठी मुलं आणि विशेष गरजा असलेली मुलं बरीच असतात. टाळू फाटलेलं बाळ घ्या. बोलणं नीट यावं म्हणून टाळूची शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी, असं डॉक्टर सांगतात. इथल्या आईबाबांना वाटतं, मूल आलं की चांगल्या हॉस्पिटलात करून घेऊ. तिकडे संस्थेला वाटतं, मूल निघालंच आहे, आता टाके कशाला. दोघांचाही हेतू चांगला. आणि व्हिसा लांबतो. बाळ अक्षरं गिळत बोलायला लागतं, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं स्पीच थेरपीने मोडावी लागते. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला हात जोडून सांगते, की वाट बघू नका. कोल्हापूर-मिरज पट्ट्यात चांगले सर्जन आहेत. ना हरकत प्रमाणपत्र मिळालं की आदेशाआधीही मूल भारतातल्या भारतात तुमच्याजवळ ठेवण्याची नियमांत सोय आहे. निदान दोघांपैकी एकाने यावं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाजवळ असावं.

मोठ्या मुलांचं वेगळंच. जून आला की शाळेत नाव घालायचं की नाही, हा प्रश्न संस्थेतल्या ताईंपुढे उभा राहतो. घातलं नाही आणि व्हिसा दिवाळीपर्यंत आला नाही, तर सहा-सात वर्षांचं पोर घरी बसून. घातलं, तर वर्गात सगळ्यांना माहीत की ही अमेरिकेला जाणार. मग रोज कुणीतरी विचारतं, अजून गेली नाहीस? ताईंकडेही त्याचं उत्तर नसतं.

अमेरिकेत २००४ साली परदेशातून सुमारे २३ हजार मुलं दत्तक आली होती. २०२३ मध्ये हा आकडा तेराशेच्याही आत होता. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने काही देशांवर प्रवेशबंदी घातली तेव्हा दत्तक मुलांच्या व्हिसाला सूट होती. डिसेंबरच्या नव्या घोषणेत ती काढली. त्या यादीत भारत नाही. पण ज्या घरांत आदेश झाला आहे, खोली तयार आहे आणि मूल त्या देशांत अडकलं आहे, त्यांचं दुःख आपल्याला परकं वाटू नये.

आता तुमच्यातल्या काहींसाठी थेट. गावी भावाच्या मुलाचं दत्तकविधान करायचं, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवायचं आणि मग इकडे व्हिसा मागायचा, असा बेत असेल तर कृपा करून थांबा. हिंदू दत्तक कायद्याने ते मूल तुमचं होईल. पण अमेरिकेची मंजुरी आधी न घेता दत्तक झालं, तर पुढचा अर्जच अडचणीत येतो. मुलाचे आईवडील दोघेही हयात असतील, तर ते त्याला नीट सांभाळू शकत नाहीत हे दाखवावं लागतं. चांगलं शिक्षण मिळेल, एवढं कारण पुरत नाही. शिवाय बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी नातेवाईक म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल आपल्याला पुतण्याच. त्या व्याख्येत मात्र तुम्ही बसत नाही.

आणि हेग कराराच्या वाटेने अर्ज करायला नवरा-बायकोपैकी एक जण तरी अमेरिकन नागरिक लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना सहसा मुलाचा ताबा आणि दोन वर्षांचा सहवास दाखवावा लागतो, त्यावर कराराच्या अटी वेगळ्या. मग मुलाजवळ राहायला आई कोल्हापुरात, बाबा इथे. ती वर्षाहून जास्त बाहेर राहिली, तर तिच्याच परतीचा प्रश्न. अशा घरांत सासू-सुनेने मिळून मूल वाढवताना मी पाहिलं आहे. त्यांच्याकडे बघून ऊर भरून येतो आणि कायद्याचा रागही येतो.

मंडळाकडे माझं मागणं आहे. वाट बघणाऱ्या जोडप्याला ‘मूल कधी घेणार’ असं विचारू नका. ते आईबाबा झालेले आहेत. त्यांना बालवर्गाच्या पालकसभेला बोलवा. तुमच्यात इमिग्रेशनचे वकील आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या घरांना द्यावी. आणि तुमच्या मतदारसंघातल्या अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्याच्या कार्यालयाला पत्र लिहा. अडकलेल्या अर्जाची चौकशी ती कार्यालयं करतात, आणि नागरिक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

दत्तकपत्र आधीच करून बसलेलं कुणी असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. कागद मोबाइलवर असतील तरी चालतील.